दोनशे पंधरावं पान

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड आणि डूख धरून बसलेला अहवाल आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू गरीब स्वभावाच्या असतात, असं तुम्ही शाळेत ऐकलं असेल. फाटकी छत्री काय, मोडकी खुर्ची काय, सगळ्या बिचाऱ्या शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी त्यांतला नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि त्यासाठी मी तीस वर्षं एका तळघरात वाट पाहिली.

माझं पूर्ण नाव घेता घेता दम लागेल. 'शहर पाणीपुरवठा: टाक्यांची तपासणी व दुरुस्ती, खंड सातवा'. चारशे बारा पानं, निळ्या कापडाची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. मला लिहिलं ते पाणीखात्यातल्या तपासनीस साहेबांनी. ते रोज सकाळी बाटल्यांची पेटी घेऊन टाक्यांवर जायचे, शिडी चढायचे, पाणी भरून आणायचे, तपासायचे आणि आकडे उतरवायचे. त्रेसष्टाव्या पानावर छापखान्याने तीनच्या जागी आठ छापला, तेव्हा साहेबांनी माझ्या तिन्ही प्रतींत स्वतःच्या पेनाने तो आकडा दुरुस्त केला. एका आकड्यासाठी त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

मला ग्रंथालयात द्यायच्या आधी ते एक दिवस घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोने मला हातात तोलून पाहिलं.

"एवढं जाड पुस्तक आणि यात माणूस एकसुद्धा नाही?"

"माणसं जे पितात ते आहे ना यात."

"मग घ्या उशाला," असं म्हणून त्या हसल्या आणि मला कोऱ्या कागदात नीट गुंडाळून दिलं. मला त्या बाई तेव्हाच आवडल्या. माझं आयुष्यातलं एकमेव कौतुक म्हणायचं तर ते हेच.

माझी एक प्रत खात्याच्या कचेरीत राहिली, एक मोठ्या साहेबांच्या घरी गेली आणि मी ग्रंथालयाच्या तळघरात आलो. पहिली चार वर्षं मला कोणी हात लावला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. टाक्या स्वच्छ होत्या, आकडे बरोबर होते, मग मला कोण कशाला उघडेल?

आणि मग तो आला. त्याला मी एकेरीतच बोलणार, मला शिकवायला येऊ नका. त्याला पुढे लोक कौतुकाने 'गुपितकार' म्हणायला लागले, तेव्हा आपणही तेच म्हणू. स्वच्छ कपडे, मऊ आवाज, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कळलं का?" तो मला पान पान चाळत राहिला आणि दोनशे चौदाव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर थांबला. ती ओळ अशी होती: 'तिसऱ्या टाकीत सलग तीन महिने दर पहाटे, तोंडाला फडकी बांधलेल्या सहा कामगारांकडून पांढरी पूड टाकण्यात आली.'

ही ओळ वाचून त्याचे डोळे चकाकले. मग त्याने शेजारचं दोनशे पंधरावं पान वाचलं. त्या पानावर पहिल्या चार ओळींतच सगळा खुलासा होता. तो वाचताना त्याचं तोंड उतरत गेलं. एवढी सुंदर भीती हातची जाणार म्हटल्यावर कुणाचं उतरणार नाही?

त्याने खिशातून दोरा काढला. तोंडात घालून तो चांगला ओला केला, माझ्या शिवणीत त्या पानाच्या मुळाशी अलगद ठेवला आणि मला मिटून घेतलं. मग तो दहा मिनिटं खिडकीतून बाहेर बघत बसला. पाणी लागलं की कागद मऊ पडतो, मित्रांनो. त्याने मला उघडलं, पान धरून हलकेच ओढलं आणि ते आवाज न करता निघून आलं. ते त्याने घडी घालून खिशात टाकलं. मी पाण्याचा अहवाल, आणि माझा घात थुंकीने झाला.

सहा महिन्यांत त्याचं पुस्तक आलं. नाव होतं 'आपल्या नळात कोण आहे?' शहराला झोप यावी म्हणून पाण्यात पूड कालवतात, असं त्यात लिहिलं होतं. आणि खाली तळटीप होती, माझ्या नावाची, खंडासकट, पानाच्या आकड्यासकट. दोनशे चौदाव्या पानावर वरती एक तक्ता आहे. त्यात तिसऱ्या टाकीचे तीन महिन्यांचे रकाने कोरे आहेत. टाकीच बंद असेल तर आकडे कुठून येणार? पण त्याने लिहिलं, 'आकडे लपवले आहेत.' आणि वर साळसूदपणे हेही लिहिलं, की 'मी पाहिलं तेव्हा पुढचं पान आधीच फाडलेलं होतं. ते कोणी फाडलं असेल, हे सुज्ञांना सांगायला नको.'

शहरात हलकल्लोळ झाला. लोकांनी तपासनीस साहेबांच्या दारात बादल्या आणून ओतल्या. चौकशीला तिघांची समिती बसली. कचेरीतली माझी प्रत वाळवीने खाल्ली, असं कळलं. मोठ्या साहेबांच्या घरची प्रत सापडत नव्हती. मोठे साहेबही सापडत नव्हते. तेव्हा तपासनीस साहेब धापा टाकत माझ्याकडे आले. "दोनशे पंधरा, दोनशे पंधरा," असं पुटपुटत त्यांनी मला उघडलं. दोनशे चौदानंतर एकदम दोनशे सतरा आलं. ते कितीतरी वेळ तिथेच बोट ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी समितीने विचारलं, "काल त्या पुस्तकापाशी एकटं कोण बसलं होतं?"

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. काल एकटे बसले म्हणजे आधीही बसले असतील, असा हिशेब करून पान साहेबांनीच फाडलं, असं ठरलं आणि त्यांची नोकरी गेली. पण नोकरीपेक्षा वाईट घरी झालं. त्यांच्या बायकोने एकदाच विचारलं, "खरं सांगा, ते पान तुम्ही नाही ना फाडलंत?" साहेबांनी उत्तरच दिलं नाही. हिने तरी विचारायला नको होतं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि यांनी कधी सांगितलं नाही. हे मला कळलं ते तळघरातल्या दादांमुळे. दादा म्हणजे कपाटं सांभाळणारे शिपाई. साहेब नंतर वरच्या दालनात रोज वर्तमानपत्र वाचायला येऊ लागले, आणि जिन्यापाशी दादांशी दोन शब्द बोलत. खाली मात्र ते कधीच आले नाहीत.

मी तेव्हा शपथ घेतली. त्या दोऱ्यावाल्याला मी सोडणार नव्हतो. पण अहवालाने सूड उगवायचा कसा? मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि मला कोणी दोन ओळींच्या पुढे वाचत नाही.

त्यातच दादांनी माझी आणखी शोभा केली. दादांचे गुडघे दुखायचे. 'आपल्या नळात कोण आहे?' वाचणारे लोक ते पुस्तक मागायचे आणि तळटीप बघून मलाही मागायचे. मी चौथ्या रांगेत, ते पुस्तक अकराव्या रांगेत. दादांचा साधा नियम होता: "जी पुस्तकं जोडीने मागतात ती जोडीने ठेवायची. मी काय दिवसभर पळत बसू?" त्यांनी मला उचललं आणि अकराव्या रांगेत नेऊन त्या पुस्तकाला चिकटून उभं केलं. सूचीत माझा पत्ता मात्र जुनाच राहिला.

अकरावी रांग म्हणजे येड्यांचा बाजार होता, मित्रांनो. माझ्या डावीकडे 'बुधवार कोणी घुसडला?' हे पुस्तक होतं. त्याच्या मते आठवडा खरा सहा दिवसांचा, आणि सातवा दिवस घड्याळजींनी आपल्या धंद्यासाठी वाढवला. पलीकडे 'टाचण्यांचं राज्य' होतं, तीन भागांत. एका पुस्तकात सगळे जिने वरून खाली बांधले जातात हे नकाशांसह सिद्ध केलं होतं. आणि उजवीकडे माझा वैरी, माझ्या अंगाला अंग घासत. वाचकांच्या बोटांनी तो मळून मळून मऊ झाला होता. त्याच्या एकवीस आवृत्त्या झाल्या. माझी पहिलीच अजून संपायची होती. मी रोज मनात म्हणायचो, तुझ्या बापाचे दिवस भरू दे, मग बघतो.

तीस वर्षांनी एक मुलगी आली. जाड भिंगांचा चष्मा, पाठीवर पिशवी, केसांत पेन्सिल खोचलेली. ती जुन्या पाणीपुरवठ्यावर प्रबंध लिहीत होती आणि तिला मीच हवा होतो. चौथ्या रांगेत मी सापडलो नाही. आता दादाही म्हातारे झाले होते, पण अजून तिथेच होते.

"तो होय?" दादा म्हणाले. "तो अकराव्या रांगेत बघा, ताई. येडपट पुस्तकांत."

ती आली. माझ्याकडे हात केला आणि वाटेतच 'बुधवार कोणी घुसडला?' तिच्या हाती लागलं. एक पान वाचून ती खुदकन हसली. मग खाली फरशीवर फतकल मारून बसली आणि ते सगळं वाचलं. दुसऱ्या दिवशी टाचण्या. तिसऱ्या दिवशी जिने. आठवडाभर तिचा प्रबंध राहिला बाजूला, ती हसत हसत त्या रांगेतून पुढे सरकत होती आणि मी तिष्ठत होतो. मग तिने 'आपल्या नळात कोण आहे?' उघडलं, आणि तिचं हसू थांबलं. बाकीची पुस्तकं हवेत बोलत होती. या पुस्तकाला तळटीप होती.

तिने वहीत माझं नाव लिहिलं. खंड सातवा, पान दोनशे चौदा. ती पूडवाली ओळ जशीच्या तशी उतरवली. अगदी मला उघडून वाचल्यासारखी! मी तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर उभा होतो. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. खोटं बोलत नाही, त्या क्षणी गुपितकाराच्या खालोखाल मला तिचा राग आला. मी अंगावरची धूळ तिच्यावर झटकली. ती तीनदा शिंकली आणि निघून गेली.

पण तिला मार्गदर्शन करणाऱ्या बाई खमक्या होत्या. चार दिवसांनी त्या तिला घेऊन स्वतःच तळघरात उतरल्या.

"ही ओळ तू मूळ अहवालात पाहिलीस?"

"बाई, पानाचा आकडा दिलाय ना तळटीपेत."

"मी काय विचारलं? तू पाहिलीस का?"

"नाही."

"म्हणजे दुसऱ्याने चावलेलं तू गिळलंस. काढ तो अहवाल."

तीस वर्षांनी मला कोणीतरी त्या एका ओळीच्या पुढे बघायला उघडलं. मुलीने दोनशे चौदावं पान उघडलं, ओळ पाहिली, तक्ता पाहिला, मग शिवणीत उरलेल्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. "गेलंय पान," ती हिरमुसून म्हणाली. आणि मला मिटणार, इतक्यात थांबली. तिने मला उजेडाकडे तिरकं केलं.

"बाई, या कोऱ्या रकान्यांत काहीतरी आहे."

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मी लाजेपायी कधीच कुणाला सांगितली नाही. मला छापलं तेव्हा खात्याची घाई चालली होती. दोनशे पंधराव्या पानाची शाई नीट वाळायच्या आत मला दाबून बांधलं. त्यामुळे त्या पानाची अक्षरं समोरच्या पानावर उलटी, फिकट उमटली. मजकुरावर उमटली ती मजकुरात हरवली. पण वरच्या तक्त्यात तीन महिन्यांचे रकाने कोरे होते ना, तिथे ती स्वच्छ राहिली. मी तो जन्मभर माझ्या अंगावरचा डाग समजत होतो.

मुलगी मला घेऊन उठली आणि धावत जिन्याखालच्या बेसिनपाशी गेली. तिथे भिंतीवर आरसा होता. दादा मागून ओरडले, "ओ ताई! पुस्तक घेऊन नळापाशी? पाणी लागेल त्याला!" तिने ऐकलं नाही. मला आरशासमोर धरलं आणि एकेक शब्द जुळवत मोठ्याने वाचलं: 'सदर टाकीस तडा गेल्याने ती रिकामी करून दुरुस्तीस घेतली होती. पूड जंतुनाशक असून केवळ भिंती धुण्यास वापरली. उग्र वासामुळे कामगारांनी फडकी बांधली. या तीन महिन्यांत या टाकीचे पाणी एकाही नळास सोडलेले नाही.'

दादा जिन्याच्या पायरीवर बसलेच. "अहो, ते साहेब रोज वर बसतात," ते म्हणाले. "आत्ताही असतील."

"आज नको सांगायला," बाई म्हणाल्या. "आधी त्या पुस्तकवाल्याला बोलवू."

आठवड्याने गुपितकार आला. आपला सत्कार आहे, अशा समजुतीने तो नवा कोट घालून आला होता. ग्रंथपाल होते, बाई होत्या, मुलगी होती, दादा होते. मुलीने मला त्याच्यापुढे ठेवलं आणि कोऱ्या रकान्यांतल्या उलट्या अक्षरांवर बोट ठेवलं. तिने आरसा दाखवला नाही, तिथे काय लिहिलंय हे सांगितलंही नाही.

"डाग आहेत," तो म्हणाला. "पुरावा बिघडवायला कोणीतरी पाडलेले. कळलं का?" आणि मला बाजूला सारायला त्याने पानाखाली बोट घातलं.

मित्रांनो, माझ्याकडे एकच हत्यार आहे. मी पानाची कड ताठ धरली. त्याच्या बोटाला सर्रकन चीर पडली. तो कळवळला आणि भडकला.

"काय मोठं गुपित सापडलंय त्या पानात! भिंती धुतल्या म्हणे! टाकीला तडा गेला म्हणे! खात्याने लिहिलं की तुम्ही माना डोलावणार?"

 मग मुलीने हळूच विचारलं, "काका, तुम्ही पाहिलं तेव्हा ते पान फाडलेलं होतं ना? मग तडा तुम्हाला कुठे दिसला?"

"हे काय... इथे लिहिलंय की."

"उलटं? आणि चष्मा तर तुमच्या खिशात आहे."

त्याचा चेहरा पाहायला मी आणखी तीस वर्षंही थांबलो असतो. तो उठला, बोट चोखत दाराकडे गेला आणि जाताना उंबऱ्याला अडखळला. ग्रंथपालांनी तिथल्या तिथे सगळं लिहून काढलं, चौघांनी सह्या केल्या आणि कागद पाणीखात्याकडे गेला. खात्याने दोन महिन्यांनी तपासनीस साहेबांवरचा ठपका काढला. गुपितकाराने काय केलं, म्हणाल तर बाविसावी आवृत्ती काढली. तिच्यात आरशावर एक नवं प्रकरण आहे आणि ती मुलगी पाणीखात्याची हेर आहे. ती आवृत्तीही खपते आहे. म्हणून माझा सूड अर्धाच झाला, हे मी मान्य करतो. पण त्या अर्ध्यावर मी खूश आहे.

खात्याचं पत्र आलं त्या दिवशी साहेब पहिल्यांदा तळघरात उतरले. सोबत त्यांची बायको होती, केस पांढरे, हातात काठी. मुलीने मला बेसिनपाशी नेऊन आरशासमोर धरलं. साहेबांच्या बायकोने डोळे बारीक करून चारही ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

"तेव्हाच 'नाही' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तू विचारायला नको होतंस."

"बरं. नको होतं."

एवढंच बोलून त्यांनी काठी साहेबांच्या हाती दिली, नळ सोडला, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

"अगं, ते उकळलेलं नाही!" साहेब घाईघाईने म्हणाले. तीस वर्षं त्यांच्या घरात न उकळलेला थेंब कोणी प्यायलं नव्हतं. रोज सकाळी पातेलं चढायचं, आणि ते का चढतं हे दोघांनाही माहीत होतं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी ओंजळ भरली. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोन थेंब माझ्यावरही उडाले. दादांनी ते पाहूनही नजर वळवली.

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. तळटीप दिसली की तिच्यावर विसंबू नका, उठा आणि मूळ पान उघडा. आम्ही जाड असतो, कंटाळवाणे असतो, आमच्यावर धूळ असते, पण आम्हाला विचारल्याशिवाय कुणाला गुन्हेगार ठरवू नका. पुस्तकं जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी जरा वेगळं सांगतो, कारण मी गरीब स्वभावाचा नाही. कधी एखादं पान फाडावंसं वाटलं, आणि आसपास कोणी नाही असं वाटलं, तर एवढं लक्षात ठेवा: समोरचं पान तुमच्याकडे बघत असतं.